फिलॉसॉफर ओळखायचा कसा? चित्रातला, प्रवासातला आणि रोजच्या जगण्यातला

"फिलॉसॉफर" म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं बघा. एक म्हातारा, भरघोस दाढी, एकटाच बसलाय, हनुवटीखाली हात, नजर कुठेतरी लांब आणि चेहरा असा की जगाशी याचं काही देणंघेणं नाही. आता आपल्यापैकी किती जण खरोखरच्या फिलॉसॉफरला भेटलेत? जवळजवळ कोणीच नाही. ही इमेज आलीये चित्रांतून, पुतळ्यांतून, कार्टून्समधून आणि आता मीम्समधून. ती एक झाली. दुसरी प्रवासवाली, म्हणजे पाठीवर सॅक, समोर डोंगर, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा असलेला माणूस आणि खाली कॅप्शन की प्रवासाने मला माझी ओळख करून दिली वगैरे. आणि तिसरी एकदम घरातली, कोणी जरा जड वाक्य टाकलं की बाकीचे म्हणतात "झालं, याच्यातला फिलॉसॉफर जागा झाला", किंवा एखाद्याचं मोठं नुकसान होऊनही तो शांत राहिला की "त्याने ते फिलॉसॉफिकली घेतलं".

तिन्ही इमेजेस तशा निरुपद्रवी आहेत, पण तिन्हींमध्ये एक गोष्ट मिसिंग आहे आणि माझ्या मते तीच मेन आहे. ती म्हणजे दुसरा माणूस, जो समोर बसून म्हणतो, "एक मिनिट, हे कशावरून?"

थोडक्यात सांगायचं तर फिलॉसॉफरचं काम असं असतं: आपण सगळे जे गृहीत धरून चालतो त्यातलं काहीतरी उचलायचं (वेळ, न्याय, सत्य, "मी" म्हणजे कोण, काहीही), त्याला प्रश्न लावायचा, आपलं उत्तर कारणांसकट मांडायचं, आणि मग समोरच्याने ते उत्तर फोडायला घेतलं की पळून न जाता तिथेच थांबायचं. हा शेवटचा भाग लोक विसरतात. आपल्या दर्शनांमध्ये तर याची पद्धतच ठरलेली होती, आधी पूर्वपक्ष म्हणजे विरोधकाचं म्हणणं, तेही लेचंपेचं करून नाही तर तो स्वतः मान हलवेल इतक्या ताकदीने मांडायचं, आणि मगच आपलं सांगायचं. न्यायसूत्रांमध्ये चर्चेचे तीन प्रकार दिलेत, वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे खरं काय ते शोधण्यासाठी केलेली चर्चा, जल्प म्हणजे काहीही करून जिंकायचं म्हणून केलेली, आणि वितंडा म्हणजे स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं फक्त पाडत राहायचं. (कमेंट सेक्शनमध्ये यातला कुठला प्रकार जास्त चालतो ते मी सांगायची गरज नाही.)

याच विषयावरचा मला सगळ्यात आवडणारा प्रसंग मिलिंदपञ्ह या पाली ग्रंथात आहे. मिनँडर नावाचा ग्रीक राजा, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला, त्याला आपण मिलिंद म्हणून ओळखतो, तो नागसेन नावाच्या भिक्खूला चर्चेला बोलावतो. नागसेन म्हणतो, पंडितासारखी चर्चा करणार असाल तर बसतो, राजासारखी करणार असाल तर नको. राजा विचारतो, फरक काय? तर उत्तर असं की पंडितांच्या चर्चेत एकमेकांना कोंडीत पकडलं जातं, मुद्दे खोडले जातात, चुका मान्य होतात, पण कोणी चिडत नाही. राजे लोक मात्र एक मत मांडतात आणि ज्याला ते पटत नाही त्याला शिक्षा द्या म्हणतात. मिलिंद म्हणतो ठीक आहे, पंडितासारखी करू. बास, माझ्यासाठी फिलॉसॉफर ओळखायची टेस्ट ही आहे. माणूस काय बोलतो हे नंतर बघू, त्याला कोणी खोडलं की तो पंडित होतो का राजा होतो ते आधी बघा. आणि ही टेस्ट मोठमोठ्यांनाही अवघड जाते हं, बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत गार्गी "हे कशात ओवलंय, ते कशात ओवलंय" करत एकेक पायरी वर चढत जाते तेव्हा याज्ञवल्क्यासारखा माणूससुद्धा म्हणतो की आता जास्त विचारू नकोस, डोकं गळून पडेल. त्यावेळी ती थांबते. पण नंतर सभेची परवानगी घेऊन परत उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते, आणि यावेळी त्याला नीट उत्तर द्यावं लागतं.

आता चित्रांकडे येऊ, कारण घोळ तिथूनच सुरू झाला असं मला वाटतं.

चित्रकाराची अडचण समजून घ्या. विचार दिसत नाही. लढाई काढता येते, लग्न काढता येतं, पण "याला आत्ता एक शंका आलीये" हे रंगात कसं दाखवणार? मग खुणा शोधाव्या लागतात, कपाळावर आठ्या, हातावर टेकलेलं डोकं, पुस्तक, मेणबत्ती, कवटी. फ्रेंच शिल्पकार रोदाँचा "थिंकर" घ्या, जगात सगळ्यात फेमस विचार करणारा माणूस तोच. पण तो मुळात फिलॉसॉफर म्हणून बनवलेलाच नव्हता! 1880 मध्ये रोदाँला एका म्युझियमच्या दाराचं काम मिळालं, त्या दारावर नरक दाखवायचा होता, आणि वरच्या बाजूला बसून खालचा नरक बघणारा कवी दान्ते म्हणून ही आकृती आली, उंची साधारण 70 सेंटिमीटर. दार काही म्युझियमला लागलं नाही. पुतळा मात्र मोठा करून 1904 मध्ये लोकांसमोर आला, 1906 मध्ये पॅरिसच्या पँथिऑनसमोर बसवला गेला, आणि खालचा नरक गेल्यावर उरला फक्त एक उघडा, पिळदार माणूस जो "कशाचातरी" विचार करतोय. कशाचा ते आता दिसत नाही, म्हणून तो सगळ्याचाच विचार करतोय असं आपण धरून चालतो. कधी फोटो नीट बघा, उजवं कोपर डाव्या मांडीवर टेकवलंय आणि पायाची बोटं आवळलेली आहेत. तसं बसून बघा दोन मिनिटं, विचार राहू दे, पाठच धरते.

याच्या अगदी उलट इटालियन चित्रकार राफाएलचं "स्कूल ऑफ अथेन्स". 1509 ते 1511 च्या दरम्यान व्हॅटिकनमधल्या पोपच्या खोलीच्या भिंतीवर काढलेलं. पन्नासहून जास्त माणसं, आणि जवळजवळ सगळी कोणा ना कोणाशी बोलताहेत, दाखवताहेत, समजावताहेत, कोणी कोणाच्या खांद्यावरून वहीत डोकावतंय. मध्ये प्लेटो आणि ॲरिस्टॉटल चालत येताहेत, आणि चालताना वाद चालू आहे, प्लेटोचं बोट वर, म्हणजे खरं काय ते या दिसणाऱ्या जगाच्या पलीकडे आहे, आणि ॲरिस्टॉटलचा पंजा खाली जमिनीच्या दिशेने, म्हणजे अरे आधी इथलं बघ की. गुरू आणि शिष्य आहेत हे, आणि शिष्य भर चौकात गुरूला विरोध करतोय, आणि हे पोपच्या घरात, भिंतभर. फिलॉसॉफी म्हणजे काय हे याच्याहून सोपं कोणी चित्रात सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आणि या गर्दीत समोरच्या पायऱ्यांपाशी एक जण एकटा बसलाय, डोकं मुठीवर टेकवून, कोणाशी न बोलता, त्याला हेराक्लिटस हा ग्रीक फिलॉसॉफर म्हणून ओळखतात. आपल्या डोक्यातला टिपिकल फिलॉसॉफर तोच! तर या चित्रासाठी राफाएलने केलेलं मोठं कच्चं रेखाटन मिलानमध्ये अजून आहे, आणि त्यात हा माणूस नाहीये. तो नंतर घुसवला. म्हणजे ओरिजिनल प्लॅनमध्ये सगळी बोलणारी माणसं होती, एकटा विचार करणारा नंतर ॲड झाला. नंतरच्या चारपाचशे वर्षांत मात्र तो एकटाच लक्षात राहिला आणि बोलणारे मागे पडले.

रेम्ब्रांटच्या नावावर 1632 चं एक छोटं चित्र लूव्रमध्ये आहे, चिंतनात मग्न फिलॉसॉफर या नावाने ओळखलं जाणारं. खिडकीतून येणारा सोनेरी उजेड, म्हातारा, गोल फिरत वर जाणारा जिना, आणि लोकांनी त्या जिन्यावर काय काय लिहिलंय, आत्म्याचा प्रवास काय नि काय. पण नाव चित्रकाराने दिलेलं नाही, ते नंतर चिकटलं, आणि बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे की हा फिलॉसॉफर वगैरे कोणी नाही, बायबलच्या परंपरेतला आंधळा टोबिट आहे आणि बायको ॲना सोबत आहे. आणि हो, चित्रात बाई आहे. उजवीकडे खाली कोपऱ्यात वाकून चूल पेटवतेय. "एकटा चिंतन करणारा" म्हणून इतकी वर्षं चित्र फेमस, आणि खोलीत दोन माणसं. विचारवंताचा एकांत कोणाच्या कामावर उभा असतो हे त्या कोपऱ्यात आपोआप येऊन गेलंय.

सॉक्रेटिसच्या मृत्यूचं दाविद या फ्रेंच चित्रकाराने काढलेलं 1787 चं चित्र पण बघण्यासारखं आहे. एक हात विषाच्या प्याल्याकडे जातोय, दुसरा हात वर, आणि बोलणं चालूच, प्याल्याकडे बघायलाही त्याला वेळ नाही. पलंगाच्या पायथ्याशी प्लेटो म्हातारा दाखवलाय, तर प्रत्यक्षात इसवी सनापूर्वी 399 मध्ये प्लेटो तिशीच्याही आत होता आणि त्याच्याच संवादात लिहिलंय की त्या दिवशी तो तिथे नव्हता, आजारी होता. पण एवढी सूट मी दाविदला देईन, कारण मेन गोष्ट त्याने पकडलीये, सॉक्रेटिस शेवटपर्यंत मित्रांच्या शंका ऐकत होता आणि शंका साध्यासुध्या नव्हत्या, आत्मा अमर आहे हे कशावरून, असं मरायला निघालेल्या माणसाला तोंडावर विचारत होते लोक.

दाढीचा विषय मात्र अठराशेहून जास्त वर्षांपूर्वीच निकालात निघालेला आहे. दुसऱ्या शतकात हेरोडस ॲटिकस नावाचा प्रचंड श्रीमंत आणि विद्वान माणूस होता, त्याच्याकडे एक जण आला, अंगावर जाडा अंगरखा, लांब केस, कमरेपर्यंत दाढी, आणि म्हणाला खायला पैसे द्या. हेरोडसने विचारलं, आपण कोण? तो भडकला, फिलॉसॉफर आहे, दिसत नाही का? त्यावर हेरोडस म्हणाला की दाढी दिसतेय, अंगरखा दिसतोय, फिलॉसॉफर अजून दिसला नाही. (आणि तरी त्याला महिनाभर पुरतील एवढे पैसे दिलेच. फिलॉसॉफर म्हणून नाही, माणुसकी म्हणून.)

प्रवासाकडे वळायचं तर पहिल्यांदा एक उत्साहावर पाणी ओतणारा माणूस भेटतो, रोमन फिलॉसॉफर सेनेका. त्याचा मित्र लुसिलियस तक्रार करतो की इतकं फिरलो तरी मनाचं जडपण काही जाईना. सेनेका लिहितो की बाबा, हवा बदलून उपयोग नाही, मन बदलावं लागेल, आणि सॉक्रेटिसच्या नावावरचा एक टोला देतो, की प्रवासाचा फायदा होत नाही यात नवल काय, जाशील तिथे स्वतःलाच घेऊन जातोस ना. आणि फिलॉसॉफर लोकांचं रेकॉर्ड बघितलं तर फिरण्याचा आणि विचाराचा थेट संबंध लागतच नाही. सॉक्रेटिस लष्करी मोहिमा सोडल्या तर अथेन्सच्या बाहेर जवळजवळ गेलाच नाही. जर्मन फिलॉसॉफर कांट आयुष्यभर क्योनिग्जबर्ग या आपल्या गावात आणि आसपासच्या भागात राहिला आणि तिथे बसून चाळीसेक वर्षं भूगोल शिकवला! त्याच्या चरित्रकाराने सांगितलंय की लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं वर्णन तो इतकं बारीक करायचा की एका इंग्रजाने विचारलं, तुम्ही लंडनला किती वर्षं होतात? एकदाही नाही.

मग प्रवासाने होतं काय? माझं उत्तर तेच, प्रवासात तुम्हाला तुमचा पूर्वपक्ष भेटतो. घरी ज्या गोष्टीवर कोणीच आक्षेप घेत नाही, तीच गोष्ट दुसरीकडे करणारा एकही माणूस नसतो, आणि ते लोक तुमच्याकडे बघून हसत असतात. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने दिलेला किस्सा बघा. इराणचा सम्राट दारियस दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती पैसे घेऊन तुम्ही मेलेल्या बापाचं शरीर खाल? ग्रीक म्हणतात, कितीही दिले तरी नाही, छे. मग तो कॅलाटिआय नावाच्या लोकांना बोलावतो, हेरोडोटसच्या म्हणण्यानुसार हे हिंदुस्थानच्या बाजूचे, आणि त्यांच्यात आईवडिलांचं शरीर खायची रीत. त्यांना विचारतो, किती पैसे घेऊन बापाला जाळाल? ते किंचाळतात, असलं अभद्र तोंडातून काढू पण नका. ग्रीक तिथेच उभे, दुभाषा त्यांना सगळं सांगतोय. आणि ग्रीक तर जाळायचेच! म्हणजे आपण जे वडिलांच्या मानासाठी करतो ते ऐकूनच समोरचा माणूस कान झाकतोय. हेरोडोटस यावरून म्हणतो की रीतच सगळ्यांवर राज्य करते. पण फिलॉसॉफीचं काम तिथून पुढे सुरू होतं, कारण दोन्ही बाजूंनी वडिलांचा मान राखायचाच होता ना? मग फरक मूल्यात आहे का फक्त ते दाखवायच्या पद्धतीत? रीत वेगवेगळी म्हणून चांगलं-वाईट असं काही नसतंच, हे त्यातून सिद्ध होतं का? नाही होत. पण हा प्रश्न पडण्यासाठी आधी ते कान झाकणारे लोक समोर यावे लागतात.

मोंतेन हा फ्रेंच लेखक या बाबतीत माझा फेव्हरिट. 1580-81 मध्ये मुतखड्याच्या दुखण्यासकट घोड्यावरून जर्मनी, स्वित्झर्लंड करत इटलीला गेला, आणि जिथे जाईल तिथे त्या लोकांच्या पद्धतीने जेवण वाढा म्हणायचा. परदेशात जाऊन आपल्याच देशातली माणसं शोधत फिरणाऱ्या आणि बाकी सगळं रानटी ठरवणाऱ्या फ्रेंच लोकांची त्याने चांगलीच चेष्टा केलीये (ग्रुप टूरवाल्यांनी मनावर घेऊ नये). पण त्याचा सगळ्यात मोठा "प्रवास" मला वेगळाच वाटतो. त्याच्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी रुआँ शहरात ब्राझीलमधून आणलेले तीन मूळनिवासी त्याला भेटले, तेव्हा फ्रान्सच्या गादीवर बाराएक वर्षांचा राजा होता. त्या तिघांना कोणीतरी विचारलं, इथलं काय आवडलं? तर त्यांना नवल कशाचं वाटलं, की एवढी दाढीवाली, धिप्पाड, शस्त्रं घेतलेली माणसं एका पोराचं ऐकतात कशी. आणि दुसरं, की इथे काही लोक तुडुंब खाऊन बसलेत आणि त्यांच्याच दारात बाकीचे उपाशी आहेत, मग ते उपाशी लोक यांचा गळा का धरत नाहीत किंवा घरं का पेटवत नाहीत. त्यांनी तिसरी पण एक गोष्ट सांगितली होती पण मोंतेन सरळ लिहितो की ती मी विसरलो, फार वाईट वाटतं. केवढी बुद्धी लागते बघा हे ऐकायला, म्हणजे बोलायला नाही, ऐकायला, कारण तेव्हाचे बाकीचे युरोपियन त्या लोकांना नमुना म्हणून बघत होते आणि हा मात्र ऐकतोय की त्यांना आम्ही कसे दिसतो.

उलटा प्रवासही होतो. फिलॉसॉफर गावात येतो आणि गावाचीच पंचाईत होते. इसवी सनापूर्वी 155 मध्ये अथेन्सने रोमला तीन फिलॉसॉफर दूत म्हणून पाठवले, दंड कमी करून घ्यायला. त्यातल्या कार्नेआडिसने एक दिवस न्यायाच्या बाजूने जबरदस्त भाषण केलं, पोरं खुश, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंच म्हणणं खोडत न्यायाच्या विरुद्ध तितकंच जबरदस्त भाषण केलं. रोमचा म्हातारा पुढारी केटो हादरला, म्हणाला यांचं काय काम आहे ते लवकर उरका आणि पाठवून द्या परत, नाहीतर आमची पोरं बिघडतील. मला केटोचं म्हणणं पूर्ण चुकीचं वाटत नाही, दोन्ही बाजूंनी बोलता येणं ही खतरनाक कला आहे आणि तिचा जल्प व्हायला वेळ लागत नाही. पण न्यायाच्या विरुद्धचा सगळ्यात तगडा मुद्दा ज्याने कधी ऐकलाच नाही त्याला न्याय कळलाय असं कसं म्हणायचं?

बाकी फिलॉसॉफरच्या नावाचे रस्ते आहेत, जर्मनीत हायडेलबर्गला नेकर नदीच्या वरच्या उतारावर एक, जपानमध्ये क्योटोत कालव्याच्या कडेने साधारण दोन किलोमीटरचा एक, त्यावरून निशिदा कितारो हा जपानी फिलॉसॉफर रोज चालायचा. सुंदर आहेत. चाला जरूर, पण रस्त्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता रोजचं जगणं. इथे पहिला गैरसमज म्हणजे शांत राहणं म्हणजे फिलॉसॉफी. हा स्टोइक लोकांचा, म्हणजे मनावर ताबा ठेवायला शिकवणाऱ्या जुन्या ग्रीक-रोमन पंथाचा, अर्धवट समजलेला वारसा आहे. मार्कस ऑरेलियस, रोमचा सम्राट, त्याच्या वाक्यांची आजकाल पोस्टर्स निघतात, पण त्याची वही उघडली तर ती पोस्टरसारखी नाहीच. ती त्याने स्वतःसाठी लिहिलेली टिपणं आहेत, आणि त्यात चक्क भांडण चालू असतं, स्वतःशीच. एका ठिकाणी सकाळी उठवत नाहीये यावरून सुरू होतं. ऊठ, माणसाचं काम करायला उठायचंय. पण इथे पांघरुणात जास्त छान वाटतंय. अच्छा, म्हणजे छान वाटून घ्यायला जन्माला आलास का? मुंग्या, चिमण्या, मधमाशा आपापलं काम करताहेत ते दिसत नाही का? पण झोप पण गरजेचीच ना! गरजेची आहे, पण तिला मर्यादा आहे, आणि खाण्यापिण्यात तू मर्यादेच्या पुढे जातोस, काम करताना मात्र अलीकडेच थांबतोस. बघितलंत? सम्राटाला समोरासमोर खोडणारा दरबारात कोण मिळणार, मग त्याने तो माणूस वहीत बसवला. आणि कांटसारखा घड्याळावर चालणारा शिस्तीचा माणूससुद्धा लिहून गेलाय की फिलॉसॉफी करणाऱ्याने एकट्याने जेवणं तब्येतीला वाईट. तो रोज पाहुणे बोलवायचा, आणि पंगतीचा नियम सांगायचा की तिघांपेक्षा कमी नकोत आणि नवांपेक्षा जास्त नकोत, म्हणजे गप्पा सगळ्यांच्या मिळून होतात.

दुसरा गैरसमज म्हणजे "माझी फिलॉसॉफी सिंपल आहे" म्हणून जे वाक्य येतं ते फिलॉसॉफी असतं. एक उदाहरण घेऊन बघू, रोज ऐकू येणारं, "प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं". ऐकायला किती समजूतदार! वाद मिटतो, सगळे घरी जातात. याचं जुनं व्हर्जन प्रोटागोरस नावाच्या ग्रीक माणसाचं, की माणूस हेच सगळ्याचं माप. आधी याची ताकद बघू, पूर्वपक्ष नीट मांडायचा म्हणजे. तोच वारा एकाला गार लागतो, दुसऱ्याला नाही लागत. मग वारा गार आहे का? ज्याला लागतो त्याला आहे, विषय संपला, आणि इथे कोणाला खोटं पाडणं खरंच येडेपणा आहे. आता प्लेटोने घेतलेला आक्षेप. प्रोटागोरस चुकतोय असं ज्यांना वाटतं, त्यांचंही आपापलं सत्य झालंच ना? मग प्रोटागोरसलाच मान्य करावं लागेल की त्याचं म्हणणं चूक आहे असं म्हणणारे बरोबर आहेत. यावर त्याची बाजू घेणारा म्हणेल, हो, पण "त्यांच्यापुरतं" बरोबर. ठीक. मग प्लेटोचा दुसरा मुद्दा येतो, आणि तो मला जास्त जड वाटतो. आजारी माणसाला वाटतं उद्या ताप येईल, डॉक्टरला वाटतं नाही येणार. उद्या काय होणार? ताप दोघांपुरता वेगळा येणार का, एकाच्या सत्यात 102 आणि दुसऱ्याच्या सत्यात नॉर्मल? जिथे उद्याचा प्रश्न आला तिथे कोणाचं मत काय आहे याला ताप विचारत नाही. म्हणजे ते वाक्य गार वाऱ्याला चालतं, तापाला चालत नाही, आणि खरा प्रश्न हा झाला की आपण ज्यावर भांडतोय ते वाऱ्यासारखं आहे का तापासारखं. सिनेमा आवडला-नावडला, वाऱ्यासारखं. औषधाने गुण येतो की नाही, तापासारखं. एखाद्यावर अन्याय झाला की नाही? इथे मात्र जोर लावावा लागतो, आणि अडीच हजार वर्षं लोक लावताहेत.

मग एक प्रॅक्टिकल प्रश्न उरतो, की हे करायचं किती? स्कॉटिश फिलॉसॉफर ह्यूमने, तोही संशय घेण्यात सगळ्यांचा बाप, प्रामाणिकपणे लिहिलंय की विचार करकरून डोकं बधिर झालं की मी जेवतो, बॅकगॅमन खेळतो, मित्रांशी गप्पा मारतो, आणि तीनचार तासांनी परत त्या शंकांकडे गेलो तर त्या इतक्या थंड आणि हास्यास्पद वाटतात की नकोच. पुढे तोच सांगतो की मग कधीतरी एकटा फिरताना कुतूहल परत डोकं वर काढतंच.

फ्रेंच फिलॉसॉफर देकार्तचा सल्ला तर आणखी सोपा होता आणि तो त्याने बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथला पत्रातून दिला. 1643 साल. ती हॉलंडमध्ये, परागंदा राजघराण्यातली, वय पंचविशीच्या आत, घरची कामं, येणारेजाणारे, मानपान, यातून वेळ मिळत नाही असं ती स्वतःच लिहिते. देकार्त म्हणत होता की मन आणि शरीर ही पूर्ण वेगळी द्रव्यं आहेत, मनाला लांबी-रुंदी नाही, ते जागा व्यापत नाही. हिचा प्रश्न साधा, मग ते हाताला हलवतं कसं? ढकलायला तर स्पर्श लागतो. देकार्तने वजनाचं उदाहरण देऊन बघितलं, हिने ते खोडलं, आणि वर म्हणाली की शरीर नसलेली वस्तू शरीराला हलवते हे मान्य करण्यापेक्षा मनालाच लांबी-रुंदी आहे हे मान्य करणं मला सोपं जाईल. तेव्हा 28 जूनच्या पत्रात त्याने अगदी आदराने सुचवलं की असल्या विचारांना वर्षातले थोडेच तास द्यावेत, मन आणि शरीर एकत्र कसं चालतं ते रोजच्या जगण्यातून आणि गप्पांमधून आपोआप कळतं. तीन दिवसांत, 1 जुलैला, तिचं उत्तर तयार होतं: मन शरीराला हलवतं हे मलाही रोजच्या अनुभवातून कळतंच, पण कसं हलवतं ते काही त्यातून कळत नाही.